जुना लॅपटॉप सुरू कां होत नाहीं?

हल्लीं पुष्कळ घरांत एक लॅपटॉप असतो, आणि तो बहुधा जुना असतो. वडील भावानें महाविद्यालयांत वापरलेला, मग बहिणीकडे आलेला, आणि आतां नववी-दहावीच्या मुलाच्या वांट्यास आलेला असा त्याचा प्रवास झालेला असतो. अशा यंत्रास वय झालें म्हणजे जी व्याधि हटकून जडते ती ही, कीं बटण दाबलें असतां तें कधीं सुरू होतें, कधीं होत नाहीं. घरांतील प्रत्येकानें त्यावर आपापला उपाय शोधून काढलेला असतो. कोणी बटण बराच वेळ दाबून धरतो, कोणी यंत्र उलटें करून थोपटतो, कोणी अर्धा तास थांबून पुन्हां प्रयत्न करतो; आणि यांपैकीं एखाद्या उपायानंतर तें योगायोगानें सुरू झालें, कीं तोच उपाय घरांत रूढ होऊन बसतो. या व्याधीचा शास्त्रशुद्ध विचार कसा करावा हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं कोणी अभियंता असावें लागत नाहीं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत विद्युत्प्रवाहाचा जो भाग शिकविला जातो तेवढें ज्ञान पुरें. बाकीचें काम सावकाश पाहण्याचें व लिहून ठेवण्याचें आहे.

परंतु कोणतीहि परीक्षा आरंभण्यापूर्वीं एक गोष्ट सांगून टाकतों, कारण या लेखांत तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाहीं. जो लॅपटॉप मुळींच सुरू होत नाहीं त्याच्यापेक्षां जो कधीं सुरू होतो व कधीं होत नाहीं त्याची घाई अधिक करावी. पहिल्याचें जें व्हावयाचें तें होऊन चुकलेलें असतें. दुसरा अजून संधि देत असतो. ज्या दिवशीं तो सुरू होईल त्या दिवशीं प्रथम आंतील लेख, छायाचित्रें, हिशेब यांची प्रत बाहेर काढावी; इतर सर्व कामें मागाहून.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे, त्या नातीनें ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपवर ठेविल्या होत्या. पुढें आजी वारली. वर्षभरानें तो लॅपटॉप तीन-तीन दिवस सुरू होईनासा झाला. मध्यें एका रविवारीं तो विनातक्रार सुरू झाला, तेव्हां घरांतील सर्वांनीं आनंदानें क्रिकेटचा सामना पाहिला आणि रात्रीं यंत्र बंद करून ठेविलें. त्यानंतर तें पुन्हां सुरू झालें नाहीं. आंतील हार्ड डिस्क निकामी झाली होती. अशा डिस्कवरील मजकूर काढून देणाऱ्या तज्ज्ञांनीं जी रक्कम सांगितली ती त्या कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची होती, आणि तेवढें करूनहि मजकूर मिळेलच अशी हमी नव्हती. ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्या रविवारच्या चार तासांत दहा मिनिटें त्या कामास दिलीं असतीं तर पुरलीं असतीं.

प्रत काढावयाची ती एका जागीं काढून भागत नाहीं. एक बाहेरच्या डिस्कवर असावी व दुसरी घराबाहेर, म्हणजे नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील सांठवणींत असावी. पेन ड्राइव्ह हा मजकूर वाहून नेण्यास बरा, परंतु वर्षानुवर्षांच्या ठेवीसाठीं एकट्या त्याच्यावर विसंबूं नये. आणखी एक सूचना पुष्कळांस ठाऊक नसते. कित्येक लॅपटॉपांत विंडोज आपण होऊन डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करून ठेवतें. या व्यवस्थेस बिटलॉकर म्हणतात. यंत्राचा मुख्य फलक बदलला किंवा त्याची मूळ मांडणी बदलली गेली, तर हें कुलूप ४८ अंकी किल्ली मागूं शकतें, आणि ती नसल्यास निर्दोष डिस्कवरील स्वतःचाच मजकूर स्वतःला परका होतो. ती किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें यंत्र प्रथम वापरांत आणलें त्या खात्यांत नोंदलेली असते. यंत्र चालू आहे तोंवरच ती शोधून कागदावर उतरून ठेवावी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. 'लॅपटॉप सुरू होत नाहीं' असें म्हणणें हें वैद्यापुढें 'मुलाला बरें नाहीं' एवढेंच म्हणण्यासारखें आहे. त्यावरून औषध देतां येत नाहीं. बटण दाबल्यापासून पडद्यावर नेहमींचें चित्र उमटेपर्यंत जी घडामोड होते ती साखळीसारखी आहे. प्रथम चार्जरकडून किंवा बॅटरीकडून वीज मुख्य फलकावर येते. तेथें एक लहानसा नियंत्रक असतो. लॅपटॉप बंद दिसत असला तरी वीज मिळत आहे तोंवर हा जागाच असतो. बटण दाबल्याची वर्दी त्याला मिळते, आणि तो फलकाच्या निरनिराळ्या भागांस ठराविक क्रमानें वीज सोडतो. मग प्रोसेसर जागा होऊन फलकावरील एका चिपमध्यें कायमचा लिहून ठेवलेला कार्यक्रम वाचूं लागतो. या कार्यक्रमास पूर्वीं बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय यानें घेतली आहे. बोलण्यांत मात्र बायॉस हेंच नांव टिकून आहे. तो कार्यक्रम रॅम, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो, डिस्क शोधतो, आणि डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांच्या हातीं कारभार सोंपवून आपण बाजूस होतो.

या सर्व क्रियेस इंग्रजींत 'बूट' होणें म्हणतात, तें पायांतल्या बुटावरूनच. बुटाच्या मागील पट्टीस धरून स्वतःच स्वतःला वर उचलणें अशी एक थट्टेची कल्पना त्या भाषेंत आहे. संगणकाची अडचण नेमकी तशीच असते: यंत्र चालण्यास कार्यक्रम हवा, आणि डिस्कवरून कार्यक्रम आंत घेण्यास यंत्र चालू हवें. ती अडचण फलकावरील त्या चिपमुळें सुटते. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, त्यांतहि ही हजेरी होत असे, आणि सर्व ठीक असल्यास तो एकच लहानसा 'पीं' असा आवाज करी. आजच्या लॅपटॉपांनाहि ही वाचा आहे, पण ती बहुधा संकट आलें म्हणजेच फुटते. कांहीं यंत्रें ठराविक संख्येनें आवाज करतात, कांहीं दिवा ठराविक वेळां मिचकावतात. हे आवाज किंवा मिचकावे मोजून कंपनीच्या माहितीपुस्तिकेंत पाहिले असतां दोषाचें नांवच कळतें. तरी ते मोजण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

तेव्हां पहिलें काम हें, कीं ही साखळी कोणत्या कडीशीं तुटते तें पाहणें. बटण दाबून दिव्याकडे पाहावें, कान लावून पंखा ऐकावा, मग पडद्याकडे पाहावें. दिवा नाहीं, पंखा नाहीं, कांहींच नाहीं, अशी स्थिति असेल तर वीज पोंचत नसावी असें धरून चालावें. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, तर दोष हजेरीच्या वेळचा किंवा पडद्याचा आहे. कंपनीचें नांव पडद्यावर उमटतें आणि त्यापुढें गाडी जात नाहीं, तर डिस्ककडे किंवा तिच्यावरील कार्यक्रमाकडे संशय जातो. या तीन रोगांचे उपाय अगदीं निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यास केल्यानें पैसा व वेळ दोन्ही वायां जातात.

विजेच्या कडीचा विचार आम्ही थोडा विस्तारानें करूं, कारण दोष येथें असतां लोक घाबरून फार पुढच्या गोष्टी बदलावयास जातात. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत जें लिहिलेलें असतें तें विद्यार्थ्यांनीं एकदां वाचून पाहावें. उदाहरणार्थ, एखाद्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असें असतें. दोहोंचा गुणाकार सुमारें ६५ वॉट होतो. जुना चार्जर हरवला म्हणून बाजारांतून ४५ वॉटचा आणला, तर टोंक बरोबर बसेल, दिवाहि लागेल, परंतु ६५ वॉट मागणारें यंत्र त्यावर कुरकुरेल. व्होल्ट वेगळे असलेला चार्जर तर, टोंक बसतें म्हणून, कधींहि लावूं नये. कांहीं कंपन्यांच्या टोंकांत मध्यें एक बारीक सुई असते. तिच्यावाटे यंत्र चार्जरची ओळख पटवून घेतें. ती वांकली असतां यंत्र चालतें पण बॅटरी भरत नाहीं, आणि मालक बॅटरीला दोष देत बसतो.

आतां एक घडलेली हकीकत. एका विद्यार्थिनीचा नऊ वर्षांचा लॅपटॉप कांहीं सकाळीं सुरू होई, कांहीं सकाळीं निपचित पडे. वडिलांनीं तो एका दुकानांत दाखविला, तेव्हां 'मदरबोर्ड गेला, नवाच घ्या' असा सल्ला मिळाला. नवा घेण्याजोगी त्या वर्षीं घरची स्थिति नव्हती, आणि मुलीचा दहावीचा प्रकल्प अर्धा झालेला होता. तिनें प्रकल्पाची प्रत काढून घेतली आणि एक वही घातली. प्रत्येक वेळीं बटण दाबलें कीं तारीख, वेळ, चार्जर लावलेला होता कीं नाहीं, आदल्या वेळीं बंद करतांना बॅटरींत किती भार शिल्लक होता, दिवा लागला कां, पंखा फिरला कां, आणि शेवटीं काय झालें, एवढें ती लिहून ठेवी. बारा दिवसांत वहीचें एक पान भरलें, आणि दुकानांत जें दिसलें नव्हतें तें त्या पानावर दिसलें. बॅटरींत भार असे त्या वेळीं यंत्र बिनचूक सुरू होई. भार उतरलेला असे त्या वेळीं चार्जर लावलेला असूनहि तें उठत नसे. चार्जरवरचा हिरवा दिवा मात्र दोन्ही वेळां जळत असे.

मग तिनें शेजाऱ्यांकडून त्याच कंपनीचा व तितक्याच व्होल्ट-अँपिअरचा चार्जर मागून आणला. बॅटरी रिकामी असतांना तो लावून बटण दाबलें. यंत्र सुरू झालें. पुन्हां आपला चार्जर लावून पाहिला, यंत्र निपचित. दोनदां अदलाबदल करून दोन्ही वेळां तोच निकाल आला, तेव्हां शंका उरली नाहीं. चार्जरची वायर टोंकाजवळ रोज वांकून आंतल्या बहुतेक तारा तुटल्या होत्या, दोन-चार काय त्या जोडलेल्या होत्या. यांतील शास्त्र ओहमच्या नियमाचें आहे. समजा, त्या तुटक्या जागेचा रोध २ ओहम आहे. चार्जरचा दिवा पेटविण्यास किंवा बंद यंत्राची बॅटरी सावकाश भरण्यास अल्प प्रवाह लागतो, ०.१ अँपिअर धरला तर तेथें ०.२ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे कांहींच नाहीं. परंतु यंत्र उठतांना ३ अँपिअर मागूं लागलें, कीं त्याच जागीं ६ व्होल्ट गळतात आणि १९.५ च्या ठिकाणीं १३.५ च पोंचतात. नळ बंद असतां पाइपांत दाब पुरा असावा आणि तोटी उघडतांच धार करंगळीएवढी यावी, तसा हा प्रकार आहे. यास्तव चार्जरचा दिवा जळतो एवढ्यावरून चार्जर चांगला असें म्हणतां येत नाहीं. मल्टिमीटर लावून नुसत्या टोंकावर मोजलेले व्होल्टहि अशा वेळीं फसवितात, कारण त्या वेळीं चार्जरवर भार नसतो.

त्या मुलीच्या पद्धतींत दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. तिनें एका वेळीं एकच वस्तु बदलली, आणि बदल उलटवून पुन्हां पाहिला. चार्जर, बॅटरी व रॅम एकदम बदलून यंत्र सुरू झालें तर तें कशानें झालें हें कोणासहि सांगतां येणार नाहीं, आणि तिन्हींचे पैसे मात्र द्यावे लागतील.

चार्जर निर्दोष ठरूनहि यंत्र निपचित असेल, तर एक युक्ति करून पाहावी. चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघण्याजोगी असल्यास तीहि काढावी, आणि बटण तीस सेकंद दाबून धरावें. नंतर केवळ चार्जर लावून सुरू करावें. ही युक्ति थोतांडासारखी वाटेल, परंतु तिला कारण आहे. फलकावरील धारित्रांत थोडा भार शिल्लक राहतो, आणि तो जागता नियंत्रक कधीं कधीं चुकीच्या स्थितींत अडकून पडलेला असतो. सारी वीज निघून गेली म्हणजे तो पहिल्यापासून आरंभ करतो. मात्र ही युक्ति आठवड्यांतून दोनदां करावी लागत असेल तर तो उपाय नव्हे, तें लक्षण समजावें.

दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि पडदा काळा राहतो, हा दुसरा प्रकार. येथें प्रथम यंत्र मेलें आहे कीं केवळ पडदा आंधळा झाला आहे हें ठरवावें. खोली अंधारी करून पडद्यावर टॉर्चचा उजेड तिरका टाकावा. आंत पुसट चित्र दिसलें तर चित्र उमटत आहे, त्याच्या मागचा प्रकाश तेवढा गेला आहे. दूरदर्शन संचाला किंवा दुसऱ्या मॉनिटरला वायर जोडूनहि हेंच पाहतां येतें. झांकण अमुक कोनांत उघडलें असतांच चित्र दिसत असेल, तर बिजागरीतून जाणारी पडद्याची वायर झिजली आहे. कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो कां तेंहि पाहावें. लागत-विझत असल्यास प्रोसेसर शुद्धीवर आहे.

शुद्धीवर नसल्यास संशय प्रथम रॅमवर घ्यावा. रॅम ही बोटभर रुंदीची पट्टी सोनेरी दातांनीं खोबणींत बसलेली असते. कोंकणपट्टींतल्या खाऱ्या, दमट हवेंत व पावसाळ्यांत त्या जागीं गंज व धूळ बसते, आणि दात नीट टेकत नाहींत. पट्टी काढून पुन्हां बसविली एवढ्यानेंच कित्येक यंत्रें उठलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. दुरुस्तीच्या दुकानांतून ते दात खोडरबरानें पुसण्याची चाल आहे. ती हलक्या हातानें व कचरा झटकून केली तर चालते, खसाखसा घासल्यास सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावें. हें काम मुलांनीं वडील माणसांसमक्षच करावें. चार्जर काढलेला असावा, आंतील बॅटरीची जोडणी सोडविलेली असावी, आणि हात लावण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या धातूस स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी. पातळ लॅपटॉपांत रॅम फलकालाच डांकलेली असते. तेथें हा मार्ग बंद आहे.

तिसरा प्रकार म्हणजे कंपनीचें नांव दिसून पुढें अडणें. अशा वेळीं बहुतेक लोक विंडोजनें पुढें केलेला 'दुरुस्ती' किंवा 'रिसेट' हा पर्याय दाबून मोकळे होतात. आमचें मत स्पष्ट आहे: मजकुराची प्रत हातीं नसेल तर हा पर्याय दाबूं नये. डिस्क मरणोन्मुख असेल तर दुरुस्तीच्या निमित्तानें तिला तासन्‌तास राबविणें म्हणजे दमेकऱ्यास डोंगर चढावयास लावणें होय. आणि रिसेटचा चुकीचा पर्याय निवडला गेल्यास सर्व फाइली पुसल्या जातात. प्रथम बायॉसच्या पानांत शिरून डिस्कचें नांव तेथें दिसतें कां तें पाहावें. यंत्र सुरू होतांच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकीं एखादी कळ दाबावी लागते. कंपनीगणिक ती वेगळी असते. नांव कधीं दिसतें, कधीं दिसत नाहीं, अशी स्थिति असेल तर डिस्क किंवा तिची जोडणी ढिली आहे. जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि वाचणारा कांटा तिच्यापासून केंसाच्या जाडीहूनहि कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. आंतून 'टक्-टक्' असा आवाज ठेक्यांत येऊं लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावें आणि मजकूर मोलाचा असल्यास पुन्हां चालू न करतां जाणकाराकडे न्यावें.

कधीं दोष अगदींच क्षुल्लक निघतो. सुरू होतांना दरवेळीं तारीख कित्येक वर्षें मागें गेलेली दिसत असेल, तर फलकावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. पुष्कळ यंत्रांत ही सी. आर. २०३२ या नांवानें घड्याळजीकडेहि मिळणारी असते. तिच्या अभावीं कांहीं यंत्रें डिस्क कोणती हेंहि विसरतात. दुसरा क्षुल्लक दोष विंडोजचा स्वतःचा आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलें असतां यंत्र पुरतें बंद होत नाहीं. लवकर उठतां यावें म्हणून तें आपल्या स्थितीचा कांहीं भाग डिस्कवर लिहून झोंपतें. त्या लिहिण्यांत बिघाड राहिला, कीं दुसरे दिवशीं तोच बिघाड पुन्हां जागा होतो. 'रीस्टार्ट' केल्यावर यंत्र व्यवस्थित येतें आणि रात्रीं बंद केल्यावर सकाळीं येत नाहीं, असें वहींत दिसल्यास 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करून पाहावी. यांत एक पैचा खर्च नाहीं.

उष्णतेचा संबंध वहीवांचून ध्यानांत येत नाहीं. यंत्र सुरू होऊन पांच-दहा मिनिटांत बंद पडतें आणि थंड झाल्यावर पुन्हां सुरू होतें, असें असेल तर पंख्यांत धूळ दाटली आहे किंवा प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळला आहे. साफसफाईनें गुण येतो. याच्या उलट, थंड असतां उठत नाहीं आणि चार-पांच प्रयत्नांनीं अंग तापल्यावर उठतें, असें असल्यास फलकावरील एखाद्या डांकास सूक्ष्म भेग असण्याचा संभव आहे. तापल्यावर धातु प्रसरण पावतो आणि भेगेच्या दोन कडा तात्पुरत्या भेटतात. १ जुलै २००६ पासून युरोपांत विद्युत्साहित्याच्या डांकांतील शिशावर निर्बंध आले आणि जगभरचे कारखानदार शिशाविरहित डांकाकडे वळले. तें आरोग्यास हितकरच झालें. परंतु कथिल-शिशाचा जुना डांक १८३ अंश सेल्सियसला वितळे, तर कथिल, रुपें व तांबें यांचा नवा सुमारें २१७ अंशांस वितळतो, त्यामुळें त्यासोबत काम करण्याची रीत बदलावी लागली. असा फलक घरच्या भट्टींत किंवा ओव्हनमध्यें भाजून दुरुस्त करण्याचे उपाय कोणी सुचवितात. ज्या भट्टींत अन्न शिजतें तींत हें करणें धोक्याचें आहे, आणि आलेला गुण फार दिवस टिकत नाहीं.

बॅटरीविषयीं दोन शब्द पालकांसाठीं. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या विकासाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस मिळालें. ती उपकारक खरी, पण म्हातारी झाली म्हणजे कधीं कधीं आंत वायु धरून फुगते. लॅपटॉप सपाट मेजावर डुगडुगूं लागला, टचपॅड वर उचललें गेलें, किंवा झांकण मिटेनासें झालें, तर दुसरी सर्व परीक्षा थांबवावी. ती बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हां चार्ज करूं नये. यंत्र बंद करून, चार्जर काढून, जाणकाराकडून ती बाहेर काढवावी.

दुरुस्ती करावी कीं नवें घ्यावें, हा प्रश्न शेवटीं उरतोच. दोष चार्जर, बॅटरी, रॅम किंवा डिस्क यांत असेल तर दुरुस्ती करावी, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी घातली तर जुनें यंत्र पूर्वीपेक्षांहि चपळ होतें. मुख्य फलकच गेला असेल तर सहसा खर्च करूं नये. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत, हें खरें. तरी अशा यंत्रांवर लिनक्स विनामूल्य घालतां येतें, आणि लेखन, वाचन व प्रकल्प यांस तें पुरतें.

दुकानांत जातांना तोंडी हकीकत सांगत बसूं नये. एका चिठ्ठीवर यंत्र कोणत्या कडीशीं अडतें, कोणत्या परिस्थितींत अडतें, आणि घरीं काय बदलून पाहिलें व त्याचा निकाल काय आला, हें लिहून वहीच्या पानासह द्यावें. मजकुराची प्रत घरीं ठेवूनच यंत्र परक्याच्या हातीं द्यावें. नवा भाग घालण्यापूर्वीं दोष कसा ठरविला हें विचारावें, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. दुकानदार प्रामाणिक असल्यास त्याला याचा राग येत नाहीं, आणि तो भाग मुलांस उघडून पाहण्यास उपयोगी पडतो. बॅटरी मात्र परत मागूं नये व घरच्या केरांतहि टाकूं नये. भारतांत १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांखालीं जुनीं विद्युत्-यंत्रें नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडे जाणें अपेक्षित आहे. दुकानदार तीं घेत नसेल, तर शहरांतील असें केंद्र कोठें आहे याची चौकशी करून बॅटरीच्या उघड्या टोंकांवर चिकटपट्टी लावावी, आणि ती फुगलेली नसल्यास वेगळ्या पिशवींतून तेथें पोंचवावी. फुगलेली असल्यास आधीं केंद्रास तसें कळवून मगच न्यावी.